फुंकर

खोकल्यावर मानवजातीने अंतिम विजय मिळवला आहे, असे बालश्वसन संस्थेच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिले होते. अक्षरे बसवणारा कारागीर खोकत होता. पण तो प्रौढ असल्याने विजयात मोजला जात नव्हता.

डॉ. वृंदा हर्डीकर आज आत गेल्या त्या शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, निहारची आई म्हणून. निहारला पुन्हा न्यूमोनिया होऊन गेला होता. 'कंठरक्षक' मिळालेल्या हजारो मुलांत वरचेवर आजारी पडणारा तो एकटाच, आणि कंठरक्षक बनवले होते त्याच्या आईने. नातेवाइकांना याचे फार वाईट वाटे, आणि दर लग्नात ते तसे सांगत.

रक्षक म्हणजे पाळीव जंतू. तान्हेपणी एक थेंब पाजला की ते घशात कायमचे वस्ती करतात आणि परका जंतू दिसला की मारतात.

"आपलं-परकं ठरवतात कशावरून? तूच सांग," सहकारी डॉ. दाभाडे म्हणाले.

"पाजताना थेंबावर जे असेल ते आपलं. म्हणून तर निर्जंतुक खोलीत पाजतो."

"निहार आत्याकडे असला की ठणठणीत. घरी आला की छाती भरते. वृंदा, त्याच्या रक्षकांना एकच श्वास ओळखीचा आहे. तुझा. त्यावर बसून जे येईल, त्याला ते पाहुणा म्हणून आत घेतात. थेंब तूच पाजलास ना? काय केलंस तेव्हा?"

वृंदाबाईंनी हातमोजे घातले होते. मुखपट्टी मात्र क्षणभर खाली ओढली होती.

"चमच्यावर फुंकर घातली," त्या म्हणाल्या.

आता नवे रक्षक पाजून उपयोग नव्हता. जुने त्यांना परके ठरवून मारणार. मुखपट्टीतूनही श्वास गळतोच, आणि निहारची फुप्फुसे आणखी एक दुखणे सोसणार नव्हती. रक्षकांत दोष काहीच नव्हता. वृंदाबाईंनी ते फार काळजीपूर्वक बनवले होते.

निहार आत्याकडे राहायला गेला. वृंदाबाई रोज संध्याकाळी बंद खिडकीबाहेर उभ्या राहत. एकदा तो खरचटलेले कोपर काचेला टेकवून म्हणाला, "आई, फुंकर घाल ना."

त्यांनी बाहेरून घातली. काचेवर वाफ धरली, आणि थोडा वेळ तो दिसेनासा झाला.

निहारला पाजलेला थेंब त्या दिवशी शीतपेटीतून काढलेला होता. तो मुळात गारच होता.