चावी दादाच्या हातात होती

आधीच सांगते, हे ऐकीव नाही. मी तिथं उभी होते. दादा होता. आणि गाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला एक धडधाकट माणूस होता, ज्यानं नंतर तापानं अंथरूण धरलं.

रात्रही नव्हती. रविवारची टळटळीत दुपार. जागा म्हणजे दादाच्या इमारतीचं तळघरातलं पार्किंग.

दादानं आदल्याच दिवशी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. मी खास ती बघायला आले होते. मला एक चक्कर मारून आणली, गाडी जागेवर लावली आणि त्यानं चावी फिरवली.

इंजिन बंद झालं नाही.

त्यानं चावी काढून माझ्यासमोर नाचवली. "बघ! मला सोडायलाच तयार नाही."

"वहिनीला सांगते थांब," मी म्हटलं.

आणि मग इंजिनाचा आवाज चढायला लागला...

कोणीतरी पाय दाबत न्यावा तसा. दादाचे दोन्ही पाय मला दिसत होते. एकही ॲक्सिलरेटरवर नव्हता.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे ठोक्या म्हणतात, कारण काहीही बिघडलं तरी तो आधी ठोकून बघतो. दादानं त्याला फोन लावला.

"घाबरू नका हो," ठोक्या म्हणाला. "डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. पाचवा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. पडेल बंद. आलोच मी."

दादानं तसंच केलं. गाडीला असा हिसका बसला की माझं कपाळ पुढे आदळता आदळता राहिलं.

मग शांतता.

आम्ही घाईघाईनं पट्टे सोडून उतरलो. दादानं बॉनेट उघडून टेकू लावला, दारं लॉक केली. "चांगलीच गळ्यात मारली मेल्यानं," असं पुटपुटत तो घाम पुसत होता.

तेवढ्यात...

इंजिन सुरू झालं.

चावी दादाच्या हातात होती. गाडी अजून पाचव्या गिअरमध्ये होती. तशी सुरू झाली, तर तिनं उडी मारून भिंतीवर आदळायला हवं. ती तसूभरही हलली नाही.

ठोक्या शिट्टी वाजवतच आला. बॉनेटमध्ये डोकं घालून त्यानं डिझेलची नळी काढली. डिझेल फरशीवर सांडलं.

इंजिन चालूच.

"पितंय, ऑइलच पितंय. हवा तोडू, मग बघतो कसं चालतं ते." हवेचा पाइप काढून त्यानं इंजिनाच्या उघड्या तोंडावर लाकडाची फळी दाबली. तरी चालूच. मग फळी बाजूला करून हाताचा तळवा धरला.

त्याची शिट्टी थांबली.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"ओढत नाहीये."

"म्हणजे?"

"श्वासच घेत नाहीये हे, साहेब." त्यानं इंजिनाला बोट लावलं. मग अख्खा हात ठेवला. "आणि गार आहे. गारढोण."

आम्ही तिघंही त्या इंजिनाकडे बघत राहिलो. उघड्या बॉनेटमुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. आवाज इतका, की कानाशी ओरडावं लागत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या डोक्यात आलं, एवढं इंजिन पळतंय, मग धूर कुठाय?

मी मागे गेले. सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला. रुमाल लटकत राहिला. हललासुद्धा नाही...

मी मान वर केली.

मागची काच करडी झाली होती. आतून.

सगळा धूर गाडीत भरत होता.

नेमका तेव्हाच वहिनीचा फोन आला. दुसऱ्या कानात बोट घालून मी ऐकलं. "अगं, बाबा आहेत ना तिथं? मघाशीच खाली आलेत. दुसरी चावी घेऊन. म्हणाले, गाडीत बसून बघतो."

मी पुढे धावले.

"दादा! बाबा आत आहेत!"

दादानं चावी लावली. दार उघडेना. आणि इंजिनाच्या त्या गोंगाटातही आतून काचेवर आवाज आला...

थप.

थप... थप.

दादा बाबांना हाका मारत दार ओढत होता. ठोक्यानं त्याला ढकलून बाजूला केलं आणि हातोडा काचेवर घातला.

काच फुटली. त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

धूर बाहेर पडला. दादानं कमरेपर्यंत आत वाकून सगळं चाचपलं.

कोणी नव्हतं.

पण पट्टे... पुढचे दोन, मागचे दोन. चारही पट्टे लावलेले होते. रिकाम्या सीटवर, ताणलेले. मध्ये माणूस असावा तसे.

"काय रे, काच का फोडलीत?"

बाबा रस्त्यावरून उतारानं खाली येत होते. हातात दुसरी चावी. दादानं धावत जाऊन त्यांना मिठी मारली. बाबा वैतागले.

"होतात कुठे तुम्ही?"

"होतो कुठे काय! तुम्ही तिघं इंजिनात डोकी घालून बसला होतात. मी दाराशी गेलो, तर त्या माणसानं काच खाली केली. म्हणाला, काका, जागा नाही, आम्ही चौघं आहोत. मग काय, गेलो पाय मोकळे करायला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लहान पोरं होती रे मागे. पाणी तरी विचारायचं."

ठोक्यानं हातोडा तिथंच टाकला आणि तडक घर गाठलं.

तापातून उठल्यावर त्यानं ते इंजिन खोललं. आत गंज चढून सगळं जाम झालेलं. कित्येक महिने हे फिरलेलंच नाही, असं तो अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो. आदल्या दिवशी दादानं ती गाडी स्वतः चालवत आणली होती. विकणाऱ्याला विचारायला आम्ही गेलो नाही. काय ऐकावं लागेल, याचीच भीती वाटली.

गाडी भंगारात गेली. आता गाडीचा विषय निघाला की दादा उठून जातो.

बाबा मात्र मधूनच, जेवताना, सहज विचारतात, "त्या चौघांना उतरवून घेतलं होतं ना रे?"

मी "हो बाबा" म्हणते.

खरं सांगू? त्या पट्ट्यांना हात लावायची हिंमत आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही.