पत्र्याच्या डब्यातला माउथपीस

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक हसतात. तुम्हीही हसा हवं तर. पण घडलं ते असंच, आणि मी तिथे भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर, हातात सूर तपासायचा ट्यूनर घेऊन बसले होते.

मंगळवार. सव्वाचार वाजले होते. जागा, आमच्या बाबांचं पितळी वाद्यं दुरुस्त करायचं दुकान.

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर परगावच्या नेत्रशिबिरात होते. दुकान माझ्यावर होतं.

दादा त्याचा अवजड ट्युबा, म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य, घेऊन आला. शनिवारी बँडमधल्या कायमच्या नोकरीसाठी त्याची चाचणी होती. वय उलटत चाललेलं, म्हणजे शेवटचीच संधी.

"मिस्त्रीणबाई, काहीतरी कर. मधला सूर अजून उतरतोय. दोन मिनिटांत हाकलतील मला."

चार वर्षं हेच रडगाणं. तो जुना ट्युबा बाबांनीच आणून दिला होता, नव्या माउथपीससकट. लोकांची वाद्यं चुटकीसरशी सुरात आणणारे बाबा मुलाच्या ट्युब्यापुढे मात्र हात टेकायचे.

माउथपीस म्हणजे ओठ टेकवायची वाटी आणि तिच्याखाली दांडी. दांडी नळीत किती आत बसते, यावर सगळा खेळ. केसभर इकडेतिकडे झालं की सूर बिघडतो.

मी अकरा माउथपीस लावून बघितले. दांडीला कागदाची पट्टी गुंडाळून बघितली, काढून बघितली. ट्यूनरचा काटा डावीकडेच, म्हणजे सूर उतरलेलाच.

मग मला फळीवरचा पत्र्याचा डबा आठवला.

बाबांची एक सवय होती. एखादा वादक वारला आणि घरच्यांनी वाद्य विकायला आणलं, की बाबा त्याचा माउथपीस वेगळा काढायचे. कागदात गुंडाळून त्या डब्यात टाकायचे. वाद्य विकायचे. माउथपीस कधीच नाही.

"लोणचं घालायचंय का त्यांचं?" असं मी चिडवायचे. बाबा हसायचे नाहीत.

मी डबा उघडला. वरचीच पुडी सोडली.

माउथपीस... कोमट होता.

बंद डब्यातलं पितळ गार असतं. हा मात्र आत्ताच कुणीतरी ओठांवरून काढल्यासारखा होता. मी मनातून चरकले. उन्हाने तापला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. त्या फळीवर ऊन येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी तो धुऊन दादाला दिला. दांडी नळीत शिरली आणि चपखल बसली. कागद लागलाच नाही.

दादाने फुंकलं. काटा मधोमध! मी आनंदाने टाळी वाजवली.

दादाने श्वास घ्यायला तोंड बाजूला केलं...

सूर चालूच होता.

एक. दोन. तीन.

मग थांबला.

"दुकान घुमतंय गं," दादा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आतलं पाणी काढायला त्याने झडप उघडली. वाजवणाऱ्याच्या श्वासाचं पाणी नळीत साठतं. थोड्या वाजवण्याला थेंबभर येतं. त्या दिवशी... पेला भरला.

"काढ तो," मी म्हटलं. हाताने निघेना. अडकलेला माउथपीस ओढायचं यंत्र लावलं, स्क्रू शेवटपर्यंत पिळला. तो जागचा हलला नाही.

"बसलाय तर बसू दे ना!" दादा पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला.

शनिवारी तो निवडला गेला. "काय दम आहे या माणसाचा," म्हणे परीक्षक. रविवारीच सामान बांधून तो नोकरीच्या गावी गेला.

सोमवारी बाबा घरी आले, एका डोळ्यावर पट्टी. मी भीतभीत सगळं सांगितलं.

"कुठला काढलास?"

"वरचाच. बाबा, तो असा बसला, जणू त्याच ट्युब्याचा..."

बाबांनी माझं बोलणं मध्येच तोडलं.

"त्याच ट्युब्याचा आहे तो. तुला काय वाटलं, मला जमत नव्हतं? चार वर्षं मी त्याचा सूर मुद्दाम उतरता ठेवला होता."

"का पण?"

त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग हळूच म्हणाले, "ट्युबा देऊन बसल्यावर मला कळलं, तो सुरात लागला की वाजवणाऱ्याला सोडत नाही. आधीचा वादक वाजवता वाजवता गेला. माणूस आधी गेला. सूर... मागाहून थांबला."



मी फोनवर दादाच्या हातापाया पडले. ट्युबा टाकून दे म्हटलं. "आणि नोकरी घालवू?" म्हणून तो हसला.

आता रोज सव्वाचारला दुकानातल्या ट्यूनरचा काटा उठतो. आवाज कसलाच नसतो. काटा मात्र मधोमध येऊन थांबतो आणि मी मोजत बसते. पहिल्या दिवशी अकरा सेकंद होते. काल दोन मिनिटं झाली.

काटा पडल्यावर मी घाईघाईने फोन लावला. दादाला धाप लागली होती. शब्द फुटत नव्हता.

"काय झालं रे?"

"काही नाही गं... जिना... जिना चढून आलो."

दादा तळमजल्यावर राहतो.