जोडातली खुर्ची

लांब फोटो करणं म्हणजे गोधडी शिवण्यातला प्रकार. पन्नास माणसं कॅमेऱ्यातल्या एका काचेवर मावत नाहीत. मग कॅमेरा तिवईवर थोडा थोडा फिरवायचा, काचेमागून काच घ्यायची, आणि प्रत्येक काचेत शेजारचा थोडा भाग पुन्हा येऊ द्यायचा. छापल्यावर तो दुबार भाग एकीकडून कापायचा आणि पुठ्ठ्यावर कडेला कड चिकटवायची. साऱ्या नागपुरात हे काम माझ्याइतकं साफ कोणी करत नव्हतं. बढाई वाटली तर वाटू द्या. माझा नियम एकच, जोड माणसावर आणायचा नाही. खांब, झाड, कुंडी, काहीही चालेल.

लकडगंजात भैयाजींचा लाकडाचा टाल होता. त्यांच्या आईचं, सत्यवतीबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणून सगळं गणगोत जमलेलं. ओल्या सागाचा वास नाकात बसला होता. ओंडक्यांसमोर मी खुर्च्या अर्धगोलात मांडून घेतल्या. बायकांचे पदर सारखे करायला माझी बायको सुमती सोबत होती. सगळे बसले तरी एक खुर्ची उरली, आणि तीही नेमकी जोडावर. मी ती उचलायला गेलो.

"राहू द्या जी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मांडलेली खुर्ची उचलू नये. अन् रिकामी बी नका ठेवू. कोणाले तरी बसवा."

पाहुण्याचं नाक जोडात कापलं गेलं तर शिव्या मलाच बसणार. त्यापेक्षा आपलं घरचं माणूस बरं, असा मी विचार केला आणि सुमतीकडे पाहिलं.

"बस वं," म्हातारी तिला म्हणाली, "तू बी माही लेकच आहे."

सुमती लाजत बसली. फोटोवाल्याची बायको असून तिचा एकही फोटो नव्हता. चांभाराच्या बायकोच्या पायात वहाण नसते म्हणतात, तसंच.

महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी छाप काढले. काच आणि छापायचा कागद लाकडी चौकटीत दाबून बसवले आणि ऊन दाखवलं की चित्र हळूहळू आपोआप उमटतं. डावीकडच्या छापात सुमती समोर बघत बसलेली होती. उजवीकडच्या छापात तीच मोडक्या हाताची खुर्ची, पण रिकामी.

"मधेच उठली होतीस का?"

"अहो, तुम्ही हलू नका म्हणालात. मी तर श्वाससुद्धा घेतला नाही."

उठली असेल आणि आता कबूल करत नसेल, असं मी धरून चाललो. रिकाम्या खुर्चीची पट्टी कापली, चुलीत टाकली, आणि सुमतीची बाजू वर चिकटवली. भैयाजी खूश झाले.

त्यांना मुलांसाठी आणखी प्रती हव्या होत्या. दुसऱ्या वेळी छापली तेव्हा सुमतीची मान उजवीकडे वळलेली निघाली. काच तीच, कागद तोच. ऊन कमीजास्त लागलं असेल म्हणून मी तीही चिकटवली. त्या आठवड्यात सुमतीचं जेवण कमी झालं. हाक मारली तर ती जरा उशिराने वळायची, जणू दुसऱ्या कोणाचं बोलणं संपायची वाट बघत होती.

तिसऱ्या छापात ती अर्धी उठलेली होती. हात खुर्चीच्या हातावर, पदर खांद्यावरून सरकलेला.

मी घाबरलो. तो छाप जाळला, डावीकडची काच फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे सरकवली आणि भैयाजी घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं की काच फुटली. काच फोडायचा धीर मात्र झाला नाही, कारण त्या काचेवर ती होती. सुमतीला यातलं काही बोललो नाही. उगाच कशाला तिच्या मनात भरवून द्यायचं?

"फुटली त फुटली, काय करता आता," भैयाजी म्हणाले. "पण माय रोज विचारून राहिली, धाकट्याची प्रत कधी येते म्हणून."

हे सुमतीने दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी इतवारीच्या बाजारातून कागद घेऊन परतलो, तेव्हा चुलीवर भाताचं आधण उकळत होतं. डबा पुढे ओढलेला होता. फडकं रिकामं.

मी गच्चीवर धावलो.

दोन्ही चौकटी शेजारी शेजारी उन्हात मांडलेल्या होत्या. कागद आत नीट, सरळ लावलेले, मी तिला शिकवलं होतं तसे. चौकटींशेजारी तिच्या चपला.

"सुमती!"

जिन्यात नाही. विहिरीवर नाही. शेजारच्या यमुताईंनी तिला गच्चीवर चढताना पाहिलं होतं. उतरताना कोणी पाहिलं नाही.

अंधार पडायच्या आत मी चौकटी उघडल्या.

उजव्या छापात खुर्ची रिकामी होती.

डाव्या छापातही.

पुढे भैयाजी तिची चौकशी करायला आले. ते दोन छाप मी जोडून चिकटवलेला पुठ्ठा टेबलावर पडला होता. त्यांनी तो उचलला आणि उजेडाकडे तिरपा धरला.

"विश्वनाथजी, जोड कुठं आहे हे समजूनच नाही राहिलं."

मलाही समजत नाही. त्या खुर्चीवरून मी रोज बोट फिरवतो. कड लागत नाही.