वाऱ्याच्या गालाजवळून

मैनाचा डोंगा तिसऱ्यांदा गर्रकन फिरला आणि जिथून निघाला होता तिथेच, डोहाच्या खालच्या टोकाला, चिखलात रुतला. काठावरचा गोपाळकृष्ण हसला. हा अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, दिवाळीच्या सुट्टीत पूर्णाकाठी आपल्या मामांकडे आलेला. वारा पाठीशी असताना त्याने दोनदा डोंगा हाकला होता आणि तेवढ्यावर तो स्वतःला नावाडी समजत होता. मैनाला त्याची कीव यायची. वारा पाठीशी असला की वाळकं पानही पाण्यावरून जातं, त्यात अक्कल कसली? वाऱ्याच्या उलट, वर, जिथून नावेने नदी उतरतात त्या घाटापर्यंत शिडावर जाऊन दाखवावं!

ते शिकवायला गावात एकच माणूस होता, म्हातारा सूर्यभान भोई. उमेदीची वर्षं त्याने तापीच्या मुखाशी गलबतांवर काढली होती. डोंगा आडवा घसरू नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंना फळ्या बांधून दिल्या होत्या.

"वाऱ्याच्या तोंडावर काहून जातं, पोरी? त्याच्या गालाजवळून जा," तो म्हणाला. "आधी या काठाकडे तिरपी, मंग त्या काठाकडे. वळायच्या आधी वेग धर, नाही त मधातच अडकशीन."

चार दिवसांत मैना घाटापर्यंत पोचू लागली. गोपाळकृष्णही मुकाट्याने शिडाची दोरी धरायला शिकला.

पाण्यावर डोळे ठेवायची सवय लागली, तेव्हाच तिला ती गोष्ट दिसली. घाटावरची मोठी नाव खुशालरावाची; लोकांना नदी उतरवून द्यायचा मक्ता त्याच्याकडे होता. विलायतेत कापसाला भाव आल्यापासून त्याची काठी चांदीच्या मुठीची झाली होती, पागोटं लाल झालं होतं, आणि नावेकडे बघायला त्याला सवड उरली नव्हती. नावेच्या अंगावर राळेचा काळा पट्टा होता. नाव रिकामी असली की तो पाण्याच्या वर दिसायचा. त्या दिवशी कापसाच्या गाठी पलीकडे उतरवून नाव रिकामी परतली, तरी पट्टा पाण्याखालीच होता.

नावाडी भाकरी खायला बसले, तेव्हा मैना आणि गोपाळकृष्ण यांनी आत शिरून तळाची फळी उचलली. खाली पोटरीभर पाणी. उघडलेल्या फटीत राळ नव्हती, नुसता कापूस आणि माती कोंबलेली.

दोघं थेट खुशालरावाकडे गेली. त्याने मान वर करायचीही तसदी घेतली नाही. "पोरीच्या जातीनं गोवऱ्या थापाव्या," तो म्हणाला. "नाव माही हाये. बुडाली त मी पाहून घेईन."

मग गावच्या रामराव पाटलांनी ऐकून घेतलं, जांभई दिली आणि बाजार उरकल्यावर बघू म्हणाले. एवढी मोठाली पागोटी, मैनाला वाटलं, आणि आत फटीतल्यासारखाच कापूस.

दुसऱ्या दिवशी बाजार. सकाळी दोघं डोहाच्या खालच्या टोकाला डोंगा सोडत होती, तेवढ्यात वर घाटावर नाव भरताना दिसली. आधी कापसाच्या गाठी, मग त्यांच्या भोवती आणि वर बायका, पोरं, टोपल्या. पट्टा तर नाहीच, त्याच्या वरची फळीही पाण्यात गेली होती. काठाची वाट नाल्याच्या चिखलाने तुटलेली, आणि वारा समोरून.

मैनाने वल्हं सुकाणूसारखं धरलं. "तोंड फिरलं का शीड ओढजो. मधात बोलू नको."

गोपाळकृष्णाने दोरी घट्ट धरली. या काठाकडे, त्या काठाकडे, पुन्हा या काठाकडे. चौथ्या वळणाला डोंगा अडखळला. मग शीड भरलं आणि डोंगा पुन्हा पाणी कापू लागला. सहाव्या वळणानंतर ती नावेजवळ पोचली. नाव मध्यावर होती आणि बायका ओंजळींनी पाणी उपसत होत्या. गाठी फेका, असं नावाडी विनवत होते. खुशालराव गाठीवर बसून चिलीम ओढत दरडावत होता, की गाठीला हात लावील त्याचा हात तोडीन.

असल्या माणसाला बुडणारी पोरं दाखवून उपयोग नाही, हे मैनाने ओळखलं. त्याला जे कळतं तेच सांगावं.

"खुशालराव," ती ओरडली, "तुमच्या चिलमीची ठिणगी गाठीत पडली! कापूस पेटून राहिला!"

मक्तेदार ताडकन उठला. पेटलेली गाठ सगळा माल जाळते एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःच पहिली गाठ लाथेने पाण्यात लोटली. नावाड्यांना तेवढंच हवं होतं. धपाधप गाठी गेल्या, नाव वीतभर वर आली आणि कशीबशी पलीकडच्या उथळ वाळूवर टेकली. बायकांनी पोरं काखेत मारून पाण्यात उड्या टाकल्या. सगळी वाचली.

आग कुठेच नाही हे कळल्यावर खुशालरावाने काठी उगारली. तेवढ्यात एका नावाड्याने तळाची फळी उचलून खालची फट सर्वांना दाखवली. कापूस वाहून गेला होता आणि फटीतून मूठ आरपार जात होती.

संध्याकाळी पाटलांनी चावडीवर दोघांना शेजारी बसवून घेतलं. पोरगी असून हिंमत केली, म्हणाले. खुशालरावाचा मक्ता काढला, आणि सूर्यभानने पारखल्याशिवाय नाव पाण्यात घालायची नाही असं ठरवलं. काल जांभई देणारं तोंड आज साखरेसारखं गोड झालं होतं. मैनाने मान खाली घालून ते ऐकलं, कारण मोठ्यांसमोर हसणं बरं दिसलं नसतं.

चावडीबाहेर सूर्यभान उभा होता. त्याने काठावरून सगळं पाहिलं होतं.

"चवथ्या वळणाले वेग मोडला तुहा," तो म्हणाला.

"हो, बाबा," मैना म्हणाली. दिवसभरात तिच्याशी शहाण्यासारखं बोललेला तो पहिला मोठा माणूस होता.