मधोमध थांबलेला मणी

तीन हजार एकशे सतरा घरांत ती पट्टी होती आणि दोन वर्षांत एकाही घरात तिला कुणी हात लावला नव्हता. पट्टी बनवणाऱ्या संस्थेच्या संचालकांना वाटलं, पट्टीची रचनाच चुकली असणार. रंग बदला, मणी मोठा करा, हलवल्यावर बारीक आवाज येऊ द्या, असं सांगून त्यांनी नाझनीन मुजावरला रुग्णांच्या घरी पाठवलं. पट्टी तिनेच तयार केली होती.

मोबाइलवर उजेड कमी-जास्त करायला असते तशीच ही पट्टी: काचेवर आडवी रेघ आणि तिच्यावर बोटाने सरकणारा मणी. या पट्टीने मात्र उजेड बदलत नसे. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून केसाएवढी तार बसवलेली असे. डॉक्टर तिला शमनतार म्हणत. तारेतून विजेचे सूक्ष्म ठोके जात आणि हातापायांची थरथर शमवत. मणी उजवीकडे नेला की ठोके जोरदार, डावीकडे नेला की मंद. मणी थांबला की काचेवर प्रश्न उमटे, ‘इथेच ठेवायचं?’ आणि रुग्णाने स्वतःच्या बोटाने ‘हो’ दाबल्याशिवाय काहीच बदलत नसे. माणसाच्या मेंदूवर हुकूम त्याचा स्वतःचाच, असा कायदाच होता.

नाझनीनने त्या पट्टीवर आठ महिने घालवले होते. थरथरत्या बोटांना सापडावा म्हणून मणी सुपारीएवढा केला होता. बोट उडालं तरी मणी उडू नये म्हणून तो मुद्दाम जड, सावकाश सरकणारा केला होता. आकडे बघून माणसं घाबरतात, म्हणून पट्टीवरचे आकडेही काढून टाकले होते. मणी शून्य ते शंभरपर्यंत कुठे आहे, हे फक्त तिच्या लॅपटॉपवर दिसे.

यादीतलं पहिलं घर जयसिंगपुरात होतं. भूपाल मगदूम, वय अडुसष्ट, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. त्यांनी स्वतः चहा गाळला. एक थेंब सांडला नाही.

“काका, पट्टी हलवायला अवघड जाते का?” नाझनीनने विचारलं.

“गरजच पडली नाही. मी बरा आहे.”

“कधी कमी-जास्त करून बघावंसं वाटलं नाही?”

“कशासाठी?” ते म्हणाले. आवाजात त्रासिकपणा नव्हता, कुतूहलही नव्हतं. कप विसळून ते आत वाचायला गेले.

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई तिला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

“बाळ, त्या पट्टीतलं तुला कळतं ना? मग एक विचारू? ह्यांचं थोडं कमी करता येईल?”

“थरथर परत येईल, काकू.”

“येऊ दे. मी सात वर्षं भरवलंय त्यांना. त्याचं काही नाही.” त्यांनी घराकडे एकदा पाहिलं. “गेल्या वर्षी ह्यांची धाकटी बहीण गेली. मंगल. तिला ह्यांनी अंगाखांद्यावर वाढवलेलं. स्मशानातून आले, आंघोळ केली, जेवले आणि पेपर कुठाय म्हणून विचारलं. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नातसुद्धा रडणारा माणूस हा. आता भांडत नाहीत, रागवत नाहीत. परवा म्हणाले, तू लेकीकडे राहायला गेलीस तरी माझं काही अडणार नाही. चांगल्या तोंडानं म्हणाले गं. माझी सोय बघत होते.”

नाझनीन पुढच्या आठवड्यात आणखी अकरा घरी गेली. सगळीकडे स्थिर हात होते आणि सगळीकडे तेच उत्तर होतं. फाटकापर्यंत सोडायला मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी दुसरंच आलं. कुठे बायको, कुठे मुलगा, एका ठिकाणी म्हातारी आई; विनंती सगळ्यांची सुलोचनाबाईंसारखीच.

ती डॉ. अनघा हुपरीकरांकडे गेली. शमनतार त्यांनीच शोधली होती.

“मेंदूतल्या पेशींच्या ज्या गाठीतून थरथर उठते,” डॉक्टर म्हणाल्या, “तिला लागूनच दुसरी एक गाठ आहे. एखादी गोष्ट आपल्याला हवीशी वाटणं, कुणाची काळजी वाटणं, या सगळ्याला मी ओढ म्हणते. ती तिथून येते. ठोके जोरात गेले की थरथर थांबते आणि ओढही थोडी मंदावते.”

“मग हे तुम्ही दुष्परिणाम म्हणून का लिहिलं नाही?”

“रुग्णांना विचारून लिहितो आम्ही, नाझनीन. एकाचीही तक्रार नाही.”

“तक्रार करायलाही ओढ लागते ना, मॅडम?”

“म्हणून तर पट्टी त्यांच्या हातात दिली. जे सोसवेल ते त्यांनी निवडावं.”

“पण मणी सगळ्यांचा पन्नासवर आहे. पहिल्या दिवसापासून. पन्नास कुणी ठरवलं?”

“तुम्ही लोकांनी,” डॉक्टर म्हणाल्या. “पट्टी आली तीच पन्नासवर होती. मला वाटलं, काही हिशेब असेल. थरथर थांबत होती, मग आम्ही बदललं नाही.”

नाझनीनने त्याच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि जुना प्रोग्रॅम काढला. मणी सुरुवातीला कुठे उभा राहावा, हे लिहायची एक ओळ असते. त्या ओळीत आकडा नव्हता. डॉक्टर सांगतील तेव्हा भरू म्हणून तिने ती रिकामी ठेवली होती आणि मग ती तशीच राहिली. काही लिहिलं नाही की मणी आपोआप मधोमध उभा राहतो. पट्ट्यांचा नियमच तो. तीन हजार एकशे सतरा माणसांना किती माया असावी, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

डॉक्टरांच्या परवानगीने ती पुन्हा जयसिंगपूरला गेली. चाचणीपुरते ठोके आधी बदलणार होते आणि प्रश्न नंतर येणार होता; भूपालरावांची हरकत नव्हती. मणी वीसवर आला. पाचेक मिनिटांनी त्यांच्या हातातली बशी वाजू लागली. सुलोचनाबाईंनी ती काढून घेतली. भूपालराव त्यांच्याकडे बघत राहिले.

“सुलू,” ते म्हणाले, “मंगल गेली ना गं.”

बहिणीसाठी ते त्या दिवशी रडले, चौदा महिन्यांनी. पाणी पाजलं तर ठसका लागला आणि बराच वेळ श्वास सापडेना. श्वास परत आल्यावर बायकोचं मनगट घट्ट धरून ते म्हणाले, “मला इथून हलवू नका. तो माणूस परत नको.” काचेवर प्रश्न आला. थरथरत्या बोटाने, तीनदा चुकून, त्यांनी ‘हो’ दाबलं.

ठरल्याप्रमाणे नाझनीनने मणी पुन्हा पन्नासवर आणला. हात थांबले. भूपालरावांनी रुमालाने गाल पुसले आणि रुमालाची नीट घडी घातली. “मघाचं आजारी माणसाचं बोलणं झालं,” ते म्हणाले. “धड पाणी गिळता येत नव्हतं मला. इथेच ठेवा.” आणि एका झटक्यात ‘हो’ दाबलं.

दोन्ही वेळा ते मनापासून बोलत होते. आपण सर्वांत जास्त काळजीने घडवलेला तो प्रश्न पोकळ आहे, हे नाझनीनला तेव्हा कळलं. उत्तर देणारा माणूसच मण्याबरोबर सरकत होता. पट्टीवरच्या प्रत्येक जागी एक वेगळा भूपाल मगदूम बसला होता आणि त्यातल्या प्रत्येकाला आपली जागा पसंत होती.

“काकू,” ती म्हणाली, “काका कुठेही हो म्हणणार. जागा तुम्ही सांगा.”

“मी?” सुलोचनाबाई मागे सरकल्या. “ह्यांना माझी किती माया असावी, ते मी सांगू?”

“नाहीतर ते मधोमध राहतील. ती जागा कुणीच सांगितलेली नाही.”

बाई बराच वेळ मण्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. भूपालराव शेजारी बसून शांतपणे त्यांचं बोट बघत होते. मग सुलोचनाबाईंनी मणी थोडा डावीकडे नेला, थांबल्या, जरा मागे आणला. लॅपटॉपवर चौतीस आलं. प्रश्न उमटला. “हो,” भूपालराव म्हणाले आणि दाबलं.

तीन महिन्यांनी सुलोचनाबाईंचा फोन आला. हात थोडे थरथरतात, पण पाणी नीट पितात. लेकीला स्वतःहून फोन करतात. मंगलच्या फोटोला हार घातला.

“मग बरं चाललंय,” नाझनीन म्हणाली.

“हो. परवा मला म्हणाले, जरा शेजारी बस. बसले. दोन वर्षांत असं म्हणाले नव्हते. आणि बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, मी आणखी थोडं डावीकडे नेलं असतं, तर हातही धरला असता.”

नाझनीनने लॅपटॉपवर मगदूमांची पट्टी उघडली. मणी चौतीसवरच होता.

“तर विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या, “तो मणी हलवायला तुला यायला लागतं, की मी घरच्या घरी केलं तरी चालतं?”

“काकांचं हो लागतं, काकू.”

“ते म्हणतील की,” सुलोचनाबाई म्हणाल्या.