चिकट स्लाइम आणि माझा ओला हात

"तुझा हात बघू?"

हा प्रश्न माझा नव्हताच मुळी! सायली आणि रोशनीचा होता. मी फक्त पत्त्यांत हरले होते. विहारातल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात आम्ही तिघी ताया. मुलं डबे खात बसली की आम्ही एका कोपऱ्यात बदामसात खेळायचो. त्या दिवशी असं ठरलं की हरेल तिने सटाण्याहून आलेल्या त्या नव्या मुलाला जाऊन हे विचारायचं. हात धरून, भविष्य सांगून यायचं. आमच्या बाबांना कळलं असतं तर अंधश्रद्धेवर तासभर भाषण झालं असतं...

बुद्धभूषण त्याचं नाव, हाक मारायला भूषण. यंदा दहावीची परीक्षा देऊन मावशीकडे सुट्टीला आलेला. तो माठातलं पाणी पीत होता. त्याने ग्लास ठेवला, पँटला हात पुसला आणि सरळ माझ्यापुढे धरला.

आणि मी? दोन्ही हात पाठीमागे बांधून, चांगली दोन पावलं लांब उभी राहून, एसटीची पाटी वाचावी तसा त्याचा हात वाचायला लागले.

"एवढ्या लांबून?" तो हसला. "आमच्याकडे ज्योतिषी हात धरून बघतात."

"त्यांना चष्मा लागला असेल. तुझ्या हातावर... प्रवास दिसतोय."

"हो ना, परवाच केला. सटाणा ते नाशिक, उभ्याने."

"अभ्यासाची रेषा जरा बारीक आहे."

"आणि प्रेमाची?"

माझे कान तापले. "ती... धूसर दिसतेय."

"मग जवळून बघ ना."

मी पळाले! खांबाआड सायली आणि रोशनी हसून हसून खाली बसल्या होत्या. "हात का नाही धरलास गं, भित्री?"

का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या तळहातांना घाम येतो. थोडाथोडका नाही, पार निथळतात. पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागतो, नाहीतर शाई पसरते. फुगडीला कुणी बोलावलं की नेमका माझा पाय मुरगळतो. डॉक्टर म्हणाले होते, "हा काही आजार नाही, लावायला औषध देतो, ऑपरेशन म्हणजे अगदी शेवटचा उपाय." पण मला शेवटचाच हवा होता! छातीतली कुठलीशी नस कापतात म्हणे. महिनाभर रडून मी आईबाबांना कसंबसं तयार केलं होतं. सोमवारी मुंबईच्या सर्जनला दाखवायचं होतं. तेव्हापासून आई भाजीत मीठ घालायला विसरत होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शिबिरात स्लाइम, म्हणजे तो ताणायचा लिबलिबीत गोळा, बनवायचा होता. पांढरा गोंद, दाढीचा फेस, चिमूटभर खायचा सोडा, रंग आणि सगळ्यात शेवटी लेन्स धुवायचं पाणी... तेही थेंब थेंब. ते पाणी भूषणच्या मावशीचं. तो बाटली द्यायला आला आणि तिथेच घुटमळला.

"जायचं नाही का तुला?"

"मावशीने बाटली परत आणायला सांगितलीय."

"मी पाठवून देईन."

"नको, फुटेल."

"प्लास्टिकची आहे रे!"

"तरी पण," तो म्हणाला आणि चक्क मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला.

त्याच्याकडे बघायचं नाही, बघायचं नाही, असं म्हणत मी बघत राहिले... आणि थेंब थेंब घालायचं पाणी एकाच वाडग्यात भसकन अर्ध्याहून जास्त गेलं. त्या वाडग्यातल्या स्लाइमचं पार रबर झालं. बाकीच्या वाडग्यांना पाणी पुरलंच नाही. मुलं कोपरापर्यंत चिकट! मी घाईघाईने दोन्ही हात एका वाडग्यात घातले आणि निळा स्लाइम असा काही चिकटला की सुटेचना.

"ताई, तुलाच का एवढं चिकटलं?" आमचा पहिलीतला सम्यक म्हणाला.

त्याच्या शेजारची चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "अरे, तिचा हात ओला असतो ना!"

मी हात आणखी खोल वाडग्यात लपवले.

"रस्ता ओलांडताना मी धरते तिचा हात," ती सांगतच होती. "माठासारखा गारेगार असतो. उन्हात मस्त वाटतं!"

"आज माझा नंबर होता, हिनेच धरला," सम्यक कुरकुरला.

म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मला वाटायचं, एवढ्याशा पोरांना काय कळतंय... आणि ती माझ्या हातासाठी नंबर लावत होती. सायली माझ्याकडे बघत होती. "फुगडीला पाय मुरगळायचा तो यासाठी होय गं?" ती हळूच म्हणाली. "वेडी आहेस का तू?"

भूषण कुठूनतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला. "हात दे. तेलाने निघतं हे."

"नको... ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"मग?"

"मंग काय व्हयनं?" गडबडला की त्याच्या तोंडून गावाकडची बोली येते, हे मला तेव्हा कळलं. तो लाल झाला. "म्हणजे, मग काय झालं त्यात? काल तू एवढी लांब उभी राहिलीस... मला वाटलं, मीच आवडलो नाही तुला. रात्री जेवलोसुद्धा नाही मी. हाताला घाम येतो, एवढंच होतं? हुश्श! बरं झालं बाई!"

माझ्या घामाला 'बरं झालं' म्हणणारा आख्ख्या नाशकात हा एकच. मला हसूच फुटलं. हसता हसता माझा निळा, ओला, चिकट हात माझा मीच पुढे केला. त्याने धरला. आभाळ कोसळलं नाही. तो बोटाबोटाला तेल लावत राहिला, उगाच सावकाश.

"धूसर नव्हती रे," मी म्हणाले. "ती रेषा. काल खोटं बोलले मी... आवडतोस तू मला."

तो मान खाली घालून हसला. "हां. मला पण."

"काय मला पण? नीट सांग!"

"तू आवडतेस, संजना. आता हलू नकोस, अंगठा राहिलाय."

घरी आले तेव्हा आई पिशवीत कपडे भरत होती आणि बाबा डॉक्टरांचे कागद लावत होते. एकाच टॉवेलची आई तिसऱ्यांदा घडी घालत होती.

"आई, बाबा, सोमवारी आपण मुंबईला जायचं नाही."

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काय गं? कुणी काही बोललं का तुला?"

"हो, बोलले. मुलं बोलली, सायली बोलली, आणि अजून एक जण... त्याचं मग सांगते, तेही लपवायचं नाहीये मला. ते डॉक्टरांचं औषध लावून बघीन मी. पण ऑपरेशन नको. तुम्ही दोघं घाबरलाय म्हणून नाही. मलाच नकोय."