पायरी चौथी: झेंडूचा हार

विसावामापकाच्या पडद्यावर पुन्हा सात आलं आणि डॉ. नलिनी सबनीसांचा उरलासुरला धीर सुटला. वर्षभरापूर्वी, यंत्र नवंकोरं असताना, याच कुपीने दहा दाखवले होते.

सन २०४१. वेंगुर्ल्याच्या त्या प्रयोगशाळेत नलिनीताई साखरेच्या लेपात गुंडाळलेले चुंबकीय सूक्ष्मकण बनवत होत्या. औषध पाठीवर घेऊन ते रक्तातून थेट गाठीपर्यंत जाणार होते. लेप सुटला, तर मात्र कण एकमेकांना चिकटून रक्तवाहिनीच तुंबवणार. हे कण रुग्णांना द्यायचे की नाही, ते रुग्णालयाच्या डॉ. कुलसूम परकार ठरवणार होत्या. नकार आला की तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

"एवढा बारीक लेप मोजता तरी कसा?" परकारबाईंनी विचारलं.

"लेप नाही, वेळ मोजतो. चुंबक चालू केला की द्रवातले सगळे कण एका दिशेला तोंड करतात. बंद केला की गिरक्या घेत वाट्टेल तिकडे वळतात. त्याला लागणारा वेळ म्हणजे विसावाकाळ. जाड लेपाचा कण सावकाश वळतो, उघडा पटकन. दहा सूक्ष्मसेकंद म्हणजे लेप शाबूत."

"आणि सात म्हणजे सोलला गेला." परकारबाईंनी फाइल मिटली. दसऱ्यानंतर शेवटचं मोजू, म्हणाल्या.

खंडेनवमीला यंत्रसहायक धुरीकाकांनी यंत्र पुसलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, झेंडूचा हार घातला आणि वायर काढून खिशात टाकली. नलिनीताईंनी एका मोजणीसाठी गयावया केली. मोठमोठ्या समित्यांना पुरून उरणाऱ्या या बाईचं धुरीकाकांपुढे काही चालत नसे.

"मॅडम, वरसभर राबला तां," काका म्हणाले. "दोन दिस तरी तेका बसांदे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर दहा आले. नलिनीताई अक्षरशः नाचल्या. संध्याकाळी परकारबाई आल्या तेव्हा पुन्हा सात. पुण्य संपलं, असं धुरीकाकांचं निदान होतं. परकारबाईंनी ते टिपून घेतलं नाही. कुपी आणि संपूर्ण कृती कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत पाठवा, तिथला आकडा अंतिम, असं त्यांनी सांगितलं.

नलिनीताईंचा स्वभाव काही लपवण्याचा नव्हता. लाजत लाजत का होईना, त्यांनी सगळं लिहिलं. पायरी दुसरी, हळदकुंकू. तिसरी, नारळ. चौथी, झेंडूचा हार.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "आमचं यंत्र दिवसरात्र चालू असतं. दोन कामांच्या मधल्या वेळात कुपी मोजली, सात आले. मग लक्षात आलं की चौथी पायरी राहिली. झेंडू दुसऱ्या गावाहून मागवावा लागला. तो येईपर्यंत तीन दिवस कृती अर्धवट नको म्हणून यंत्र बंद ठेवलं, त्याला हात लावला नाही. हार घातला, दहा आले. झेंडूतलं कोणतं द्रव्य परिणाम करतं, कृपया कळवावं."

नलिनीताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता थबकल्या. फुलांनी काही केलंच नव्हतं. जे केलं ते त्या तीन दिवसांनी.

यंत्र नवं होतं तेव्हा त्याला काम कमी होतं. आता संशोधकांचे चार गट पाळ्या लावून ते रात्रंदिवस चालवत. चुंबकाच्या तारांचं वेटोळं तापायचं, त्यातल्या कुपीचा द्रव कोमट आणि पातळ व्हायचा, म्हणून लेपासकट कण भराभर वळायचे. तापमापक भिंतीवर होता आणि एसीच्या कृपेने इमानाने पंचवीस दाखवत होता. त्यांनी तो यंत्रातल्या दुसऱ्या कुपीत बुडवला. एक्केचाळीस.

कोपनहेगनचे दहा धरून परकारबाईंनी मंजुरीची सही केली. नलिनीताईंनी यंत्रावर सूचना चिकटवली: मोजणीआधी चोवीस तास यंत्र बंद ठेवावे. तासाभरात पहिल्या गटाने ते चालू केलं, दुपारी दुसऱ्याने. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत सात.

त्यांनी सूचना फाडली आणि धुरीकाकांना बाजारात पाठवलं. हार घातलेल्या यंत्राला चोवीस तासांत कुणी बोट लावलं नाही. रुग्णालयाच्या अधिकृत कृतीत मग चौथी पायरी कायम झाली, 'अनिवार्य' अशा शेऱ्यासह.

धुरीकाकांनी छापील प्रत चष्मा लावून वाचली. त्यांची एकच तक्रार होती.

"नारळ खंय गेलो?"